जोडीची हजेरी

“बाई, माझी जोडी कुठंय?”

शाळेच्या फाटकाच्या पायरीवर एस्तेर भिंगारदिवे बसली होती. मांडीवर जेवणाचे दोन डबे, एक तिचा आणि एक जुलेखाचा. दोन्हींची झाकणं बंद. मी मिशनच्या दवाखान्यातून मुलांचे चष्मे घेऊन नुकतीच एसटीतून उतरले होते आणि उन्हाने माझं डोकं ठणकत होतं.

“कुठं म्हणजे? वर्गात असेल.”

“नाही ना. चर्चमध्ये नाही, चिंचेखाली नाही, टाकीमागं नाही. सरांना सांगितलं, तर म्हणाले, हजेरी झालीय, सगळे आहेत, जाऊन जेव.”

“मग जेवायचं ना गं.”

“तिचा डबा तिच्याशिवाय कोण उघडणार? तिला झाकणाचा आवाज चालत नाही. मीच हळू उघडून देते.” एस्तेरने नाक ओढलं. ती रडणारी पोर नव्हती. वर्गात सगळ्यांच्या खोड्या काढायची, माझ्या चालण्याची नक्कल करायची. “बाई, ती सकाळपासून नाहीये.”

मी चष्म्यांची पिशवी तिच्याच हातात दिली आणि ऑफिसात गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या बेलथडीच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. बिशपसाहेब येणार होते. व्हरांड्यात ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, उसाच्या मोळ्या येऊन पडल्या होत्या. कवायतीसाठी शहरातून आणलेला नवा कोरा ढोल ऑफिसच्या दाराशी उभा होता. हेडमास्तर बर्नबास अल्हाट सर टेबलाशी बसून स्वागताचं भाषण लिहीत होते.

“सलाम, सर. जुलेखा आतार कुठं आहे?”

“सलाम. वर्गातच असेल. तुम्ही नव्हता म्हणून तुमच्या दुसरीची हजेरी मीच घेतली. एक पार्वती वाकचौरे सोडली तर सगळी हजर.”

“जुलेखाचं नाव घेतल्यावर कोण बोललं?”

“कोण बोलणार? ती बोलते का कधी? नाव घेतलं, नेहमीसारखी गप्प राहिली. मी पुढं गेलो.”

“मान वर करून बघितलंत?”

सरांचं पेन थांबलं.

दारातून एस्तेरचा आवाज आला, “मी सांगणारच होते, बाई. पण सर म्हणाले, ज्यानं त्यानं आपलंच बोलायचं. दुसऱ्याच्या नावाला तोंड उघडायचं नाही.”

याला कारण होतं. आमच्या शाळेत हजेरीची एक वेगळी रीत होती. पूर्वीच्या मुख्याध्यापिका ओहोळबाईंनी ती घालून दिली होती. एका बस्करावर दोघं बसायची, ती जोडी. नाव घेतलं की त्या मुलाने गप्प बसायचं आणि त्याच्या जोडीदाराने उत्तर द्यायचं. ओहोळबाई म्हणायच्या, स्वतः आहोत हे कुणीही सांगेल. शेजारी आहे की नाही हे सांगायला मान वळवून बघावं लागतं. ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, कुणाचंही पोर असो, शाळेत आलं की पहिल्या दिवशी त्याला जोडी मिळायची. अल्हाट सर त्या जूनमध्ये बदलून आले. माणूस सरळ, कष्टाळू, पण त्यांना हा पोरखेळ वाटला. “वेळ जातो, बाई,” एवढंच ते म्हणाले होते. माझ्या वर्गात मी ती रीत चालू ठेवली होती.

जुलेखाही त्याच जूनमध्ये आली. तिची आई खैरुनबी डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव बांगड्या विकायची. दुसऱ्या एका शाळेने पोरीला परत पाठवलं होतं. ती बोलत नव्हती, डोळ्यांत बघत नव्हती, मोठा आवाज झाला की दोन्ही कान दाबून कोपऱ्यात शिरायची. तिचं नाव जोरात घेतलं तर आणखी आत शिरायची. लिहायची पाटी मात्र कधी सोडायची नाही. मी तिला एस्तेरशेजारी बसवलं. एस्तेरचं तोंड सगळ्यात जास्त चालायचं, तेव्हा तिचं बोलणं दोघींपुरतं होईल, असा माझा हिशेब.

अल्हाट सरांनी मला तेव्हाच बोलावून घेतलं होतं. “आपण सगळ्यांना घेतो, बाई, मान्य. पण एका मुलीपायी वर्ग थांबतो. सण होऊ द्या. मग कमिटीपुढं हा विषय घेऊ. तिच्या आईलाही मी तसं सांगून ठेवलंय.”

आता ते खुर्चीवरून उठले होते. चेहरा उतरला होता.

“सकाळी कवायतीला ती कुठं होती?” मी विचारलं.

“पायरीवर बसवलं होतं. ओळीत उभी राहत नाही म्हणून.”

“आणि ढोल?”

सरांनी ढोलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आम्ही शाळा पालथी घातली. वेदीमागची खोली, संडास, पाण्याची टाकी, लाकडं ठेवायची शेड. एस्तेर माझ्या पुढे पुढे पळत होती आणि दर ठिकाणी आधीच सांगत होती, “इथं मी बघितलंय, बाई.” मी टाकीचं झाकण उचललं. आत नुसतं पाणी होतं.

आम्ही फाटकाशी आलो, तेवढ्यात पाटाच्या पाण्यावर नेमलेला कोंडाजी पाटकरी सायकलवरून ओरडत आला.

“आवर्तन सुटलंऽऽ! पाटातल्या म्हशी काढा! पंपाच्या मोटारी काढा!”

आमच्या शाळेच्या मागून धरणाचा पाट जातो. आठवडेच्या आठवडे कोरडा असतो. पोरं त्यात गोट्या खेळतात, बाया गवत कापतात. मग एक दिवस वरून पाणी सोडतात आणि पाट काठोकाठ भरून चालू लागतो. ते पाणी साधं दिसतं, पण जोर असा की धट्टाकट्टा बैलसुद्धा त्यात पाय रोवू शकत नाही.

“कोंडाजी, पाणी कुठवर आलंय?”

“वरची वाडी ओलांडली असंल. येईलच आता. काय झालं, बाई?”

“आतारांची पोरगी सापडत नाही.”

कोंडाजीने सायकल तशीच आडवी टाकली. “ती मुकी?”

“मुकी नाहीये ती,” एस्तेर म्हणाली.

पाटावर आम्ही पोचलो तोवर गवताला आलेल्या एका बाईने खालून ओरडून सांगितलं, एक लहान चप्पल सापडलीय. निळ्या पट्ट्याची. एस्तेरने ती ओळखली. पाटाच्या तळाला, वाळलेल्या चिखलात पडली होती. तिथून वरच्या अंगाला एक रस्ता पाटावरून जात होता, खालच्या अंगाला दुसरा. दोन्हींच्या खाली सिमेंटच्या मोऱ्या. शिवाय दोन्ही काठांना शेतांकडे पाणी नेणाऱ्या नळ्या, जागोजागी, बाभळी आणि पाणकणसांनी झाकलेल्या. सात वर्षांचं पोर त्यातल्या कुठल्याही नळीत मावलं असतं.

बातमी गावभर झाली. माणसं धावत आली. कुणी काठी घेऊन, कुणी दोर घेऊन. सगळे एकदम हाका मारायला लागले. “जुलेखाऽऽ! ए जुलेखाऽऽ!” कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली. मोरीच्या तोंडाशी वाकून लोक आत ओरडायचे, आवाज घुमून परत यायचा आणि ते पुढच्या नळीकडे पळायचे.

खैरुनबी आली ती अनवाणीच. बांगड्यांची टोपली कुठं टाकली तिचं तिलाच ठाऊक. पदर सुटलेला. “जुले! माझी जुले! या अल्ला, कुठं गेली गं!”

मी तिचे खांदे धरले. “खैरुन, ओरडू नको.”

“ओरडू नको तर काय करू, बाई? पाणी येतंय!”

“घरी ती रुसून बसली, लपली, की तू काय करतेस?”

ती हळू म्हणाली, “गप बसते. मी गप बसले की येते ती. जितकं बोलवाल तितकी आत जाते.” आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

मागून अल्हाट सर धापा टाकत येत होते. त्यांच्यामागून वरच्या वर्गातली दोन मुलं ढोल उचलून आणत होती.

“याचा आवाज लांबवर जाईल,” सर म्हणाले. “तिला कळेल की आपण—”

“सर, याच आवाजाला ती पळालीय.”

सरांनी मुलांना हाताने खूण केली. मुलांनी ढोल खाली ठेवला.

“मग तुम्ही सांगा,” सर म्हणाले. “तुम्ही सांगा काय करायचं. मी तसं करतो.”

मी त्यांना कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

“सगळ्यांना गप्प करा. आणि माझा वर्ग इथं आणा.”

“इथं? पाटावर? एवढी पोरं, बाई, एक हरवलीय आणि तुम्ही—”

“काठावर बसतील. आणा, सर.”

माणसांना गप्प करायचं काम कोंडाजीने केलं. दोन शिव्या हासडल्या आणि म्हणाला, “बाई सांगत्यात ना! आता कोण बोललं तर मीच त्याला पाण्यात ढकलीन.” डबा थांबला. हाका थांबल्या. दूर वरच्या अंगाला पाटावरच्या टिटव्या उठल्या आणि ओरडत गोल फिरायला लागल्या. कोंडाजीने तिकडे बोट दाखवलं. पाण्याचं तोंड तिथवर आलं होतं.

मुलं रांगेत आली. मी त्यांना काठावर बसवलं, वर्गात बसतात तशीच, दोघं दोघं. एस्तेर बसली आणि तिने शेजारची जागा हाताने साफ केली. तिथे कुणाला बसू दिलं नाही.

“हजेरी घेणार आहे,” मी म्हणाले. “रोजच्या आवाजात बोलायचं. ओरडायचं नाही, घाई करायची नाही.”

एका माणसाने कपाळाला हात लावला. “बाईला उन्हाचं चढलंय. पाणी आलं उशाला आन् ह्या हजेरी घेत्यात!”

कोंडाजी त्याच्याकडे फक्त वळला.

“अब्राहाम घुले.”

“आहे, बाई.”

“तुकाराम शेळके.”

“आहे. रडतोय, पण आहे.”

“रोशन शेख.”

“आहे, बाई.”

मला रजिस्टर लागत नव्हतं. माझा आवाज मलाच परका वाटत होता, पण मी तो वर जाऊ दिला नाही. अल्हाट सर माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, “बाई, जे नाव घ्यायचंय ते थेट घ्या ना! एवढा वेळ कुठं आहे?”

“क्रम मोडला तर ती ऐकणार नाही, सर. मागे तपासनीस आले होते, त्यांनी मधूनच नावं घेतली. दिवसभर तिने पाटीला हात लावला नाही.”

सर मागे झाले. टिटव्या आणखी जवळ आल्या होत्या. खैरुनबी जमिनीवर बसून पुढे-मागे झुलत होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

“दानिएल साळवे.”

“आहे, बाई.”

“सखू माळी.”

“आहे. तिला मुंगी चावली.”

“पार्वती वाकचौरे.”

“नाही, बाई. मामाच्या गावाला गेलीय. उद्या येणार म्हणाली होती.” हे पार्वतीच्या जोडीने सांगितलं, मंदाने.

“मंदा लोखंडे.”

कुणी बोललं नाही. कोण बोलणार? मंदाची हजेरी द्यायची ती पार्वतीने, आणि पार्वती मामाच्या गावी. एरवी अशा वेळी मीच वाकून बघायची आणि म्हणायची, आहे हो आमची मंदा. पण त्या वेळी मी वाकून बघितलंच नाही. पुढची दोन नावं एस्तेरची आणि जुलेखाची होती, आणि मी पाटाच्या वरच्या वळणाकडे बघत होते. तिथे काहीतरी तपकिरी हलत होतं. पुढे वाळका पाला, काटक्या, फेस, आणि मागे पाणी. सावकाश चालत आल्यासारखं.

मंदाने घाबरून इकडे तिकडे पाहिलं. ओळ तिथेच अडकली.

“आहे,” कुणीतरी म्हणालं.

अल्हाट सर होते. मंदाच्या शेजारी, पार्वतीच्या जागेवर, पांढऱ्या पँटनिशी ते मातीत बसले होते. त्यांनी मान वळवून मंदाकडे नीट पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, “आहे, बाई. इथं माझ्या शेजारी आहे.”

मी पुन्हा ओळीकडे वळले.

“एस्तेर भिंगारदिवे.”

काठावरचं सगळं गाव उभं होतं. हालचाल नव्हती. पाण्यातला पाला वाजायला लागला होता, कोरड्या कडब्यावरून कुणी चालावं तसा. एस्तेर तोंड घट्ट मिटून बसली होती. स्वतःच्या नावाला आपण उत्तर द्यायचं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

मग ते ऐकू आलं.

टक्. टक्.

पाटीच्या लाकडी चौकटीवर पेन्सिलीचे दोन ठोके.

मी हे आधी सांगितलेलं नाही. जुलेखा वर्गात कधी बोलली नाही. पावसाळाभर एस्तेरचं नाव घेतलं की मी थांबायची, आणि मग मीच उत्तर द्यायची. पावसाळा सरत असताना एका सकाळी मी अशीच थांबले, आणि जुलेखाने मान थोडी वळवून एस्तेरच्या वेणीकडे पाहिलं आणि पाटीवर दोन ठोके दिले. त्या दिवसापासून एस्तेरची हजेरी तीच द्यायची. स्वतःचं नाव ऐकून ती कधी हलली नाही. पण एस्तेरचं नाव तिने एकदाही रिकामं जाऊ दिलं नव्हतं.

“खालची मोरी!” कोंडाजी म्हणाला. ठोके सिमेंटात घुमून आले होते. त्याने धोतर खोचलं आणि काठावरून खाली उडी घेतली. पण एस्तेर त्याच्या आधी घसरत तळाला गेली होती. मोरीच्या तोंडाशी बाभळीचे काटे अडकले होते. मोठ्यांनी तिथूनच आत डोकावून हाका मारल्या होत्या. एस्तेर काट्यांखालून पालीसारखी आत शिरली. कोंडाजीला तेवढ्या फटीतून जाता येईना. तो हाताने काटे ओढायला लागला. रक्त निघालं, तरी ओढत राहिला.

पाणी वरच्या मोरीतून बाहेर पडलं.

“बाई!” सर उभे राहून ओरडणार होते. मी हात वर केला. हजेरी संपली नव्हती. एक नाव राहिलं होतं. ते घेतलं नाही तर ती उठणार नाही, दुसऱ्या कशानेही उठणार नाही, हे मला माहीत होतं. नावं संपली की पाटी खाली ठेवायची आणि प्रार्थनेला उभं राहायचं, हा तिचा रोजचा नेम होता.

मी रोजच्याच आवाजात म्हणाले, “जुलेखा आतार.”

मग आतून एस्तेरचा आवाज आला. घुमत होता, पण घाई नव्हती त्यात, मी शिकवलं होतं तसंच.

“आहे, बाई. कोपऱ्यात आहे. एक चप्पल नाहीये, पण आहे.”

आणि थोड्या वेळाने, “उठली, बाई.”

कोंडाजीने काट्यांचा शेवटचा जुडगा ओढून फेकला तेव्हा दोघी मोरीच्या तोंडाशी होत्या. पुढे एस्तेर, मागे तिच्या वेणीचं टोक धरून जुलेखा, दुसऱ्या हातात पाटी. त्याने दोन काखांत दोघींना उचललं. अल्हाट सर काठावर पालथे पडून हात खाली सोडून होते. आधी जुलेखा वर आली, मग एस्तेर. कोंडाजीचा हात दोघातिघांनी धरला, तेव्हा फेस त्याच्या गुडघ्यांशी होता. तो वर आला आणि मोरीने गुरगुर करत पहिलं पाणी गिळलं. बघता बघता तिचं तोंड दिसेनासं झालं.

खैरुनबीने लेकीला मिठी मारली नाही. तिच्यापासून हातभर लांब बसली, हात मांडीवर उपडे ठेवून, आणि गप्प राहिली. बऱ्याच वेळाने जुलेखा सरकत सरकत गेली आणि आईच्या गुडघ्याला टेकून बसली.

“आता डबा खाऊ या का?” एस्तेरने मला विचारलं. “पोटात कावळे ओरडतायत.”

खैरुनबी माझ्याकडे न बघता सरांना म्हणाली, “साहेब, उद्यापासून नाही पाठवत मी हिला. तुमच्या सणात खोळंबा नको.”

सरांच्या शर्टाला चिखल लागला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “पाठवा,” ते म्हणाले. “उद्या ढोल नाही वाजणार.”

आणि वाजला नाही. बिशपसाहेबांसमोर मुलांनी टाळ्यांवर कवायत केली, त्याही हलक्या. चर्चच्या मागच्या पायरीवर ज्वारीच्या पेंढीला टेकून एस्तेर आणि जुलेखा बसल्या होत्या. कमिटीपुढे कुठलाही विषय गेला नाही.

सणानंतरच्या सोमवारी अल्हाट सर माझ्या वर्गावर आले. “आज मी घेतो, चालेल?” असं विचारून त्यांनी हजेरी घेतली, आमच्या रीतीने. प्रत्येक नावाला थांबले आणि प्रत्येक वेळी मान वर करून बघितलं. पार्वती मामाच्या गावाहून परत आली होती. तिने मंदाची हजेरी इतक्या जोरात दिली की सगळे हसले. एस्तेरच्या नावाला पाटी वाजली. जुलेखाच्या नावाला एस्तेर म्हणाली, “आहे, सर. दोन्ही चपला आहेत.”

सर रजिस्टर मिटणार, तेवढ्यात एस्तेरने हात वर केला.

“सर, तुमची हजेरी कोण देणार? तुम्हाला तर जोडीच नाही.”

मुलं खिदळली. मी डोळे वटारले. सर मात्र पेन हातात धरून तसेच उभे राहिले. हसणं हळूहळू थांबलं.

जुलेखाने मान वळवली. सरांच्या तोंडाकडे नाही, त्यांच्या बुटांकडे पाहिलं.

टक्. टक्.

सरांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं. ते बराच वेळ नीट बसेना.